जपून वापरावे

भांडारपालांची अक्कलदाढ दुखायला लागली ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी. अक्कल इतक्या उशिरा आल्याबद्दल घरात, जिन्यात आणि कचेरीत जे काही बोलता येण्यासारखं होतं, ते सगळ्यांनी पहिल्या दोन दिवसांतच बोलून घेतलं. त्यामुळे इथे त्यात भर घालायचं कारण नाही.

भांडारपाल म्हणजे एका मोठ्या कारखान्याचं सामान सांभाळणारे गृहस्थ. झाडूपासून कपाटापर्यंत काहीही नवीन हवं असलं तर मागणीपत्र भरून त्यांच्याकडे पाठवायचं आणि वाट बघायची. मागणीपत्र परत येई, वस्तू येत नसे. मागणीपत्रावर त्यांचा शिक्का आणि वळणदार अक्षरात शेरा असे : ‘वस्तू तपासली. वापरण्यायोग्य. जपून वापरावे.’ पाय लुळा झालेली खुर्ची, पाती नुसतीच थरथरणारा पंखा, तळ नसलेली बादली, सगळ्यांना एकच न्याय. या शेऱ्यावरून कारखान्यात त्यांना ‘जपूनसाहेब’ म्हणत. अर्थात पाठीमागे. हे भांडारपालांच्या कानावर आलं होतं, पण नाव आदरापोटी पडलं आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांचं एक परिपत्रकही होतं. वस्तू मोडलीच, तर तिचे सगळे तुकडे भांडारात आणून जुळवून दाखवायचे आणि मगच नवीन मागायची. एकदा टंकलेखक बाई फुटलेला पेला रुमालात बांधून घेऊन आल्या. जुळवल्यावर काठाचा टवका कमी भरला. भांडारपालांनी त्यांना तो शोधायला परत पाठवलं. बाईंनी दुपारभर टेबलाखाली बसून शोधला आणि सापडला नाही तेव्हा त्या पुढचं वर्षभर पाणी ओंजळीने प्यायल्या. ही गोष्ट भांडारपाल पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

आता दाढेकडे वळायला हरकत नाही. कारखान्याचा स्वतःचा दवाखाना होता आणि त्यात दातांची एक खोली होती. तिथल्या डॉक्टरबाई दोन वर्षं कंत्राटावर होत्या. त्यांचा हात इतका हलका, की लोक दुखत नसलेले दातही दाखवून येत. त्यांना कायम करण्याचा कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचलेला होता. या बाईंशी भांडारपालांचा आधी एक पत्रव्यवहार होऊन गेला होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी मागणीपत्र पाठवलं होतं : ‘एलिव्हेटर, दोन नग.’ भांडारपालांनी लगेच शेरा मारला, ‘दवाखाना तळमजल्यावर आहे. एलिव्हेटरचे प्रयोजन समजत नाही. दोन कशाला, हे तर मुळीच समजत नाही.’

डॉक्टरबाईंनी दुसरं मागणीपत्र पाठवलं. त्यात चित्र काढलं होतं आणि लिहिलं होतं, की दाढ मुळापासून सैल करून उचलायच्या छोट्या पोलादी हत्याराला आमच्यात एलिव्हेटर म्हणतात, त्यात माणसं चढत नाहीत. हे शेवटचं वाक्य भांडारपालांना लागलं. त्यांनी जुनं हत्यार तपासणीसाठी मागवून घेतलं, तपासलं आणि शिक्का मारून परत केलं. तपासणी कशी झाली, ते ओघाने येईलच. भांडारपालांना ते आठवायला फारसं आवडत नाही.

तर दाढ दुखायला लागली. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त मास्तर म्हणाले, “लवंग धरा.” त्यांनी लवंग धरली. मास्तरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “लवंगेनं उष्णता वाढते, बर्फ धरा.” त्यांनी बर्फ धरला. चौथ्या दिवशी गाल उशीसारखा झाला तेव्हा बायको म्हणाली, “अहो, तुमचा दवाखाना आहे, तुमच्या डॉक्टरीणबाई आहेत. जगाला शिस्त लावता, आणि स्वतः मात्र गालाला फडकं बांधून हिंडता!” भांडारपाल गेले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर खुर्चीचा हात हलवून पाहिला. हात ढिला होता, पण वापरण्यायोग्य होता. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने खालचा ओठ असा झाला, की तो कुणी काढून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवला असता तरी भांडारपालांना पत्ता लागला नसता.

“दाढ आडवी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बाजूनं थोडी मोकळी करून उचलावी लागेल. वेळ लागेल, पण दुखणार नाही.”

सिस्टरने हत्यार पुढे केलं. त्याच्या मुठीवर भांडाराच्या पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला होता. भांडारपालांनी तो ओळखला आणि नजर छताकडे वळवली.

“हे जरा जुनं झालंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या टोचून बोलल्या नाहीत, नुसतंच बोलल्या.

“ज्यऊन वाअरा,” बधिर ओठांनी भांडारपाल म्हणाले. इतक्या वर्षांची सवय. सिस्टर भिंतीकडे तोंड करून उगाच बोळे मोजायला लागली.

पाऊण तास सगळं नीट चाललं. मग डॉक्टरबाईंनी टोक दाढेखाली सरकवलं, मनगट किंचित वळवलं, आणि दाढ उठली. त्याच क्षणी आवाज झाला.

कट्.

डॉक्टरबाईंचा हात थांबला. सिस्टरचा थांबला. खुर्चीवर आडवे पडलेले भांडारपाल मात्र दचकले ते वेगळ्याच कारणाने. हा आवाज त्यांनी आधी ऐकलेला होता. हुबेहूब हाच, आणि तोही ह्याच हत्याराचा, स्वतःच्या खोलीत.

तपासणीच्या दिवशी झालं होतं असं. हत्यार टेबलावर, कागद टेबलावर, शेरा डोक्यात तयार, आणि शिक्का ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर मात्र अडकलेला. भांडारपालांनी पट्टी घालून पाहिली, पट्टी वाकली. त्यांचे दुय्यम, निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ, म्हणाले, “साहेब, मिस्त्रीला बोलावू?” पण मिस्त्रीला बोलवायचं तर मागणीपत्र भरायला हवं, त्यावर शेरा हवा, शेऱ्यावर शिक्का हवा, आणि शिक्का ड्रॉवरमध्ये. भांडारपालांची नजर हत्यारावर गेली. उचकटायचंच तर हत्यार आहे, दाढ काय आणि ड्रॉवर काय! त्यांनी टोक फटीत घातलं आणि सगळं अंग टाकलं. ड्रॉवर उघडला. उघडताना बारीकसा आवाज झाला, कट्.

त्यांनी हत्यार खिडकीपाशी नेऊन पाहिलं. टोकापाशी एक केस चिकटल्यासारखा दिसत होता. रुमालाने पुसला तरी केस निघेना. भांडारपालांनी दुय्यमांकडे पाहिलं, दुय्यम खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी शिक्का काढला, ‘वापरण्यायोग्य’ असा ठसठशीत मारला आणि खाली हाताने लिहिलं, ‘जपून वापरावे’. आयुष्यात इतक्या वेळा लिहिलेला हा शेरा त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी भीतीपोटी लिहिला होता.

“दाढ निघाली आहे,” डॉक्टरबाई सांगत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. “पण ह्या हत्याराचं टोक मोडून आत राहिलंय. मी शोधलं, हाताला लागत नाही. आणखी उकरलं तर इजा होईल. आपण फोटो काढू, आणि मी तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवते. मी स्वतः येते बरोबर. मला माफ करा.”

भांडारपालांच्या तोंडात बोळा होता हे खरं. पण मान हलवायला बोळ्याची काही आडकाठी नव्हती, टेबलावर कागद होता, खिशाला पेन होतं. भांडारपाल म्हणाले, “हं.”

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी सांगितलं, सूज उतरल्याशिवाय हात लावता येणार नाही, आठ दिवस थांबा. म्हणून भांडारपाल जबड्यात भांडाराच्या मालकीची वस्तू घेऊन घरी आले. एक्स-रेत टोक स्वच्छ दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं आणि पांढरंशुभ्र. बायकोने तो एक्स-रे दिवाणखान्याच्या खिडकीला चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट लावून दाखवायला सुरुवात केली. भांडारपालांना तोंड लपवायला जागा उरली नाही, कारण तोंड आतून-बाहेरून खिडकीवरच होतं.

मास्तर लोहचुंबक घेऊन आले. “पोलाद आहे ना? मग येईल ओढलं!” म्हणत त्यांनी अर्धा तास तो भांडारपालांच्या गालावरून फिरवला. टोक आलं नाही. चष्म्याची दांडी मात्र दोनदा जाऊन चिकटली. मास्तरांच्या सौभाग्यवतींच्या मते एका कुशीवर झोपून राहिलं की ते आपोआप खाली उतरतं. कुठे उतरतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

पण खरा कहर केला मेहुण्याने. मेहुणा वकील होता, म्हणजे वकिलाकडे होता. त्याने एक्स-रे पाहिला, दात-ओठ खाल्ले आणि म्हणाला, “ताई, हा सरळ निष्काळजीपणा आहे. त्या बाईची नोकरी घालवतो की नाही बघ!”

भांडारपाल उठून बसले. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं, सुजेमुळे ओठ अजून जागेवर आला नव्हता. तरी त्यांनी सगळा जोर एकवटला आणि म्हणाले, “ऊक... आजी ऊक.”

“काय म्हणतायत?” मेहुण्याने विचारलं.

“भूक लागलीय त्यांना,” बायको म्हणाली आणि वाटीभर कोमट दूध घेऊन आली.

‘माझी चूक’ म्हणायला जावं आणि भूक ऐकू यावी, असं पुढचे दोन दिवस चाललं. संध्याकाळी मास्तरांपुढे “ऊक” म्हणून पाहिलं, त्यांनी घरून केळ्याचा लगदा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा हात धरून “आजी ऊक, आजी” म्हणाले, तर तिचे डोळे भरून आले. “कालपासून पोटात धड काही नाही हो तुमच्या!” म्हणत तिने दोन वाट्या दूध पाजलं. कबुली देता देता भांडारपालांचं वजन वाढलं.

मात्र एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती भांडारपालांनाही ठाऊक होती. उशाशी वही होती. पेन होतं. पाणी हवं असलं की ते ‘पाणी’ लिहून दाखवत, पंखा नको असला की ‘पंखा नको’. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, त्याला तीन शब्द लिहायला काही अवघड नव्हतं. पण वही उघडली की हात ‘पाणी’ लिही.

तिसऱ्या दिवशी मेहुणा तीन पानी तक्रार टाइप करून घेऊन आला. ‘डॉक्टरच्या अडाणीपणामुळे’ हे शब्द त्यात चार वेळा आले होते. भांडारपालांनी ती पूर्ण वाचली. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. इतकं सोसूनही माणूस कसा शांत आहे, असं मास्तर म्हणत होते. भांडारपालांनी सही केली. सही करायला तोंड लागत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी दुय्यम समाचाराला आले. फळं आणली होती. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला.

“त्रास देतोय साहेब, पण तुमचंच परिपत्रक आहे. दवाखान्यानं नवीन एलिव्हेटर मागितलाय. मोडलेल्याचा एक तुकडा जमा झाला, मुठीचा. दुसरा येत नाही तोवर नवीन देता येत नाही. ‘सदर तुकडा सध्या कोठे आहे’ असा रकाना आहे. मी लिहिलंय, ‘भांडारपालांच्या ताब्यात’. चालेल ना?”

भांडारपालांनी मान हलवली.

“डॉक्टरबाईंची खोली बंद केलीय तक्रार आल्यापासून,” दुय्यम म्हणाले. “सोमवारी चौकशी आहे. कायम करायचा कागद साहेबांनी थांबवलाय. बाई काही बोलत नाहीत. रोज येतात, बाहेरच्या बाकावर बसतात, जातात.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं, पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ड्रॉवरचं मी कुणाजवळ बोललो नाही, साहेब. तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

हे त्यांनी मनापासून, साहेबांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. कुणी मुस्काटात मारली असती, तर निदान सुजलेल्या बाजूला लागलं असतं. हे दुसरीकडेच लागलं. दुय्यम गेल्यावर भांडारपाल भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बायकोने दूध आणलं, ते प्यायले नाहीत. आपली आपल्यालाच इतकी लाज वाटू शकते, हे त्यांना बावन्न वर्षांत माहीत नव्हतं.

शनिवारी सर्जननी टोक काढलं. गळ्याच्या बाजूला सरकलं होतं, थोडक्यात निभावलं म्हणाले. काचेच्या बारीक बाटलीत घालून त्यांनी ते भांडारपालांच्या हातात दिलं. “ठेवा आठवण!” असं म्हणून ते हसले. भांडारपालांना आठवणीसाठी बाटलीची गरज नव्हती.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. साहेबांच्या समोर फाईल, एका बाजूला मेहुणा तीन पानं घेऊन, दुसऱ्या बाजूला डॉक्टरबाई. दुय्यम मुठीचा तुकडा घेऊन उभे होते. भांडारपालांनी बाटली काढून दिली. दुय्यमांनी परिपत्रकाप्रमाणे दोन तुकडे जुळवून दाखवले. जुळले. काही कमी भरलं नाही.

“बोला, डॉक्टर,” साहेब म्हणाले. “काय झालं?”

दोनदा केलेल्या मागणीचा, चित्राचा, शिक्क्याचा उल्लेख आता होणार म्हणून भांडारपालांनी मान खाली घातली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हत्यार जुनं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी वापरलं. पेशंटला दुखत होतं, आणि थांबवणं मला बरं वाटलं नाही. जोर माझ्याच हाताचा होता. चूक माझी आहे.”

चूक हा शब्द त्यांनी इतका स्वच्छ उच्चारला, की भांडारपालांना बसवेना. ते उठले. “ऊक आजी!” ते ओरडले. “आजी ऊक!”

“अरे, चहा-बिस्किटं मागवा यांना,” साहेब म्हणाले. “उपाशी दिसतायत.”

तेव्हा भांडारपालांनी साहेबांच्या समोरची फाईल ओढली. असं कुणी कधी केलं नव्हतं. खिशातून पेन काढलं. फाईलीत लावलेल्या डॉक्टरबाईंच्या मागणीपत्रावर, स्वतःच्या जुन्या शेऱ्याच्या खाली, त्याच वळणदार अक्षरात ते लिहायला लागले. अक्षर कुठेही बिघडलं नाही. लिहून झाल्यावर शेवटी सवयीने हात ‘जपू’पर्यंत गेला होता, तो त्यांनी खोडला. कागद साहेबांकडे सरकवला.

साहेबांनी तो मोठ्याने वाचला : “सदर हत्याराने मी माझ्या टेबलाचा ड्रॉवर उचकटला. तेव्हा कट् असा आवाज झाला. तो मी ऐकला. टोकाला चीर दिसली, तीही मी पाहिली. तरी वापरण्यायोग्य असा शिक्का मारला. हे मला पहिल्यापासून माहीत होते आणि माहीत असून मी तक्रारीवर सही केली. डॉक्टरबाईंची यात काहीही चूक नाही. तक्रार मागे घेत आहे.”

“भावजी!” मेहुणा म्हणाला. मग त्याने आपल्या तीन पानांची घडी करून खिशात घातली. दुय्यम खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरबाईंनी मात्र पहिल्यांदाच भांडारपालांकडे नीट पाहिलं. भांडारपालांनी तेवढं सोडून खोलीतल्या बाकी सगळ्या वस्तूंकडे पाहिलं. तेवढ्यात चहा-बिस्किटं आली आणि त्यांच्यापुढेच ठेवली गेली.

यथावकाश दातांची खोली उघडली. कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावरून हलला. भांडारपालांकडचा शिक्का काढून दुय्यमांकडे देण्यात आला आणि दुय्यमांनी पहिल्याच दिवशी दोन एलिव्हेटर मंजूर केले. टंकलेखक बाईंना पेलाही मिळाला. ‘जपूनसाहेब’ हे नाव आता लोक भांडारपालांच्या तोंडावर घ्यायला लागले. ते आदरापोटी नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

राहिले सर्जननी घातलेले टाके. ते कुठेही काढता आले असते. बायको म्हणाली, “दुसरीकडे जाऊ, अहो. कोणत्या तोंडाने जाणार तिथे?” पण भांडारपालांकडे तोंड एकच होतं. ते घेऊन ते दातांच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले. खुर्चीचा हात त्यांनी हलवून पाहिला नाही.

डॉक्टरबाईंनी आरसा आत घातला. बराच वेळ पाहिलं.

“ड्रॉवर उघडला होता का, शेवटी?” त्यांनी विचारलं.

भांडारपालांनी आ केलेल्या अवस्थेतच मान हलवली.

“होतं काय एवढं त्यात?”

उत्तर देता यावं म्हणून त्यांनी आरसा बाहेर काढला. सांगण्यावाचून सुटका नव्हती.

“शिक्का,” भांडारपाल म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून स्वच्छ निघालेला हा पहिलाच शब्द.

“कसला?”

“वापरण्यायोग्य.”

सिस्टरने झटकन भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. डॉक्टरबाईही हसतील, असं भांडारपालांना वाटलं, आणि त्या हसल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोरा चिमटा उचलला, दिव्याखाली धरून टोकापर्यंत नीट तपासला आणि मग वाकल्या.

“आ करा,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका. जपून काढते.”

भांडारपालांनी आ केला. टाक्याला अजून हातही लागला नव्हता, तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.